अखेरपर्यंत याच शाळेत

आमच्याकडे शिक्षकाला कौतुक हवं असेल तर ते आधी मागावं लागतं, आणि तेही तीन प्रतींत. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. त्याला वाटतं, कोणीतरी साहेब गुपचूप शाळेत येऊन मागच्या बाकावर बसत असेल, पोरांना प्रश्न विचारत असेल आणि मग एक दिवस पत्र येत असेल. तसं काही नसतं. ज्याला पुरस्कार हवा त्याने स्वतःच प्रस्ताव करायचा. फोटो, कात्रणं, ग्रामपंचायतीचा दाखला, झाडं लावल्याचा पुरावा, झाडं जगल्याचा पुरावा, आणि पहिल्या पानावर स्वतःच्या कार्याचा गोषवारा. ‘सदर शिक्षिका विद्यार्थिप्रिय, कर्तव्यदक्ष व मनमिळाऊ आहेत’ असं मी माझ्याविषयी लिहिलं आणि खाली सहीही मीच केली. मनमिळाऊ हा शब्द लिहिताना जरा हात अडखळला, कारण मी तशी नाही. माझी जीभ तिखट आहे आणि माझं कोणाशी फार वेळ पटत नाही. पण तो शब्द सगळ्यांच्याच प्रस्तावात असतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. जिल्ह्याच्या पूर्वेला, पाथर्डीच्या बाजूला, एका दोनशिक्षकी शाळेत मी अकरा वर्षं होते. घर मात्र राहात्याला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. नवऱ्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान राहात्यात, आणि दोन गल्ल्या सोडून माझे वडील. आई गेल्यापासून अण्णा एकटेच राहत. मी त्यांची एकुलती एक. मी तालुक्याच्या गावी खोली करून राहायचे आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की करंजीच्या घाटातून नगर, नगरला गाडी बदलून राहुरी, कोल्हार करत चार-साडेचारला राहात्याला उतरायचे. आधी अण्णांकडे, मग घरी. रविवारी चारला परत स्टँडवर. आमचा संसार शनिवार-रविवारचा होता, आणि त्या दोन दिवसांत भांडायलाही वेळ पुरत नसे.

अण्णा स्वतः प्राथमिक शिक्षक होते. त्यांचीही सगळी नोकरी बाहेरगावी झाली, तेही आठवड्याने घरी येत. लहानपणी मला वडील म्हणजे रविवारी दिसणारा एक पाहुणाच वाटायचा. आपल्या वाट्याला असली नोकरी नको, असं मी आईला ठणकावून सांगितलं होतं आणि मग डी.एड. करून नेमकी तीच धरली.

प्रस्ताव केला त्याच्या आदल्या वर्षी अण्णांचं बिघडायला लागलं. आधी आम्ही ते वयावर घातलं. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, एकच गोष्ट दोनदा सांगणं. मग एका सोमवारी सकाळी नवऱ्याचा फोन आला. अण्णा स्टँडवर सापडले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला नाहीत, आणि कंडक्टरला विचारत होते की शेवगावची गाडी अजून का लागली नाही, शाळेला उशीर होतोय. त्यांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. नगरच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की हे बरं होणारं नाही, हळूहळू वाढतच जाणार. पुढे ते म्हणाले, “घरचं माणूस सतत जवळ असू द्या. आत्ता ओळखतायत तोवर सवय होऊ दे. पुढं त्यांना तेवढाच आधार राहील.” त्या दिवशी मी ठरवलं की यंदा बदलीचा अर्ज भरायचा आणि राहाता तालुक्यात यायचं. बदल्या आता ऑनलाइन होतात. पोर्टल उघडलं की आपणच अर्ज करायचा, शाळांचे पसंतीक्रम द्यायचे आणि यादीची वाट बघायची. कोणाच्या पाया पडायला लागत नाही. माझी सेवा पाहता बदली मिळेल असं सगळेच म्हणत होते.

आता मी कुठे अडकले ते सांगते. मला कोणी अडकवलं नाही. माझ्याच लेखणीने अडकवलं.

दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र असतं आणि त्यावर एक केंद्रप्रमुख. आमच्या केंद्रप्रमुखांना हौस फार. त्यांनी दर महिन्याला ‘केंद्र वार्ता’ नावाचं दोन पानी पत्रक काढायला सुरुवात केली होती. कोणाची शाळा कशात पहिली आली, कोण निवृत्त झालं, कोणाला पुरस्कार मिळाला, कोणत्या गावाने शाळेला रंग दिला, असल्या बातम्या. ते पीडीएफ करून सगळ्या गावांच्या पालकांच्या ग्रुपवर जायचं, आणि तालुक्याचे वार्ताहर त्यातलं जसंच्या तसं उचलून आपल्या पेपरात छापायचे. हे पत्रक लिहायचं काम माझ्याकडे. “बाई, तुमचं मराठी शुद्ध आहे,” असं साहेब म्हणाले आणि मी हुरळले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. सहा वर्षं मी दर महिन्याचा एक रविवार त्यात घातला.

लिहून लिहून माझा हात बसला होता. सत्काराची बातमी मी दहा मिनिटांत पाडायचे. सुरुवात ठरलेली, मधली नावं वेगळी, आणि शेवट सगळ्यांना एकच: ‘सत्काराला उत्तर देताना, “ही शाळा हेच माझे कुटुंब असून अखेरपर्यंत याच शाळेत सेवा करीन,” अशी ग्वाही त्यांनी दिली.’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडी घातलं असेल याचा हिशेब नाही. एकानेही तसं म्हटलेलं नसायचं. बहुतेक जण माइक हातात आला की आभार मानून, उरलेला वेळ जेवणाची पंगत कुठे आहे हे सांगण्यात घालवतात. पण बातमीत ते वाक्य शोभून दिसे आणि कोणी तक्रार करत नसे. एक गुरुजी तर पुढच्याच महिन्यात निवृत्त होणार होते, त्यांनाही मी अखेरपर्यंत तिथेच ठेवलं होतं.

प्रस्ताव मी आपणहून केला नव्हता. साहेबांनीच टुमणं लावलं होतं. आमच्या केंद्राला तालुक्याचा गुणवंत शिक्षक पुरस्कार कधीच मिळालेला नाही, हे त्यांना खुपत होतं. मी तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा फाइल घेऊन बसले. खोटं कशाला बोलू, मलाही तो हवा होता. अकरा वर्षं पोरांची नाकं पुसली, गळक्या खोलीचे पत्रे बदलून घेतले, पाचवी सोडून घरी बसलेल्या मुलींना हाताला धरून आणलं. कोणीतरी दोन शब्द बोलावं असं वाटत होतं.

पुरस्कार मिळाला. कार्यक्रम पाथर्डीच्या एका मंगल कार्यालयात होता, आणि साहेबांच्या डोक्यात आलं की त्या महिन्याच्या केंद्र वार्तेचं प्रकाशन त्याच मंचावर, पाहुण्यांच्या हस्ते व्हावं. म्हणजे पत्रक कार्यक्रमाच्या आधी छापून तयार हवं, आणि पहिल्या पानावर त्याच कार्यक्रमाची बातमी हवी. मी म्हटलं, “साहेब, अजून घडलंच नाही तर लिहू काय?”

“घडनार तेच हाय की बाई,” ते म्हणाले. “तुमाला काय नवीन हाय का?”

खरंच नवीन नव्हतं. मी दोन दिवस आधी माझ्याच सत्काराची बातमी लिहिली. शाल दिली, श्रीफळ दिलं, सन्मानचिन्ह दिलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि घाईत, दुसरा काहीही विचार न करता, नेहमीचा शेवट लावला. त्या वाक्यात मी आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. कार्यक्रमात माझं नाव पुकारलं तेव्हा मी फक्त “आभारी आहे” एवढंच म्हणून खाली उतरले. तोवर पत्रकाच्या प्रती खुर्च्या-खुर्च्यांवर पोचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर बातमी आली. मथळाच होता, ‘अखेरपर्यंत याच शाळेत सेवा करीन’. शेजारी माझा फोटो, डोळे मिटलेले.

सोमवारी गावात उतरले तर शाळेच्या फाटकावर फ्लेक्स. माझा तोच फोटो माणसाच्या उंचीचा करून लावलेला. वर ‘आमचा अभिमान’, आणि खाली ‘कायमच्या आमच्या बाई’. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष तिशीतली एक बाई होती. दोन पोरं आमच्याच शाळेत, घरी पाच गायी. पहाटे धारा काढून, डेअरीला दूध घालून ती शाळेच्या कामाला हजर असायची. मी तिला ताई म्हणायचे. तिने माझ्या गळ्यात हार घातला आणि रडायलाच लागली.

“बाई, आमाला लई धास्ती हुती,” ती म्हणाली. “आता पोर्टल उघडनार, बाई जानार, असं सारं गाव म्हनत हुतं. पेपर वाचला आन् जिवात जीव आला. तुमी शब्द दिला, आता काय काळजी न्हाई.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. ताई, ते वाक्य मी सगळ्यांच्याच बातमीत घालते, त्याला शब्द म्हणत नाहीत. पण समोर पोरं रांगेत उभी, हातात झेंडूची फुलं. मी हसले. पुढच्या ग्रामसभेत माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला, त्यातही ते वाक्य तारखेसकट नोंदवलं. मग भाजीवाला, डेअरीवाला, जीपवाला, भेटेल तो म्हणे, “बाई, बरं केलं, ऱ्हायला तुमी.” धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. माझाच चेहरा रोज सकाळी फाटकावर माझ्याकडे डोळे मिटून बघायचा, आणि मला त्याच्याखालून वाकून आत जावं लागायचं, कारण फ्लेक्स जरा खाली बांधला होता.

अण्णांशी तरी बोलावं म्हणून त्या शनिवारी गेले. ते ओट्यावर बसले होते, हातात पेपरचं कात्रण. नवऱ्याने कापून दिलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वाचून दाखवत होते, एकाच माणसाला दोनदाही. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. “शाब्बास,” म्हणाले, “गाव सोडू नये. गुरुजी गेला की शाळा पोरकी होते.” त्यांच्याकडून शाब्बास मी शाळेत असतानाही कधी ऐकलं नव्हतं. बदलीचा विषय न काढताच मी चहा टाकायला आत गेले.

पुढच्या शनिवारी तेच अण्णा म्हणाले, “तुझ्या बदलीचं काय झालं गं? मला एकट्याला करमत नाही.” मी म्हटलं, “बघते, अण्णा.” त्यांनी मान हलवली आणि पाच मिनिटांनी परत तेच विचारलं.

पोर्टल उघडलं. अर्जाची मुदत संपत आली तेव्हा एका दुपारी, पोरं खिचडी खात असताना, मी ऑफिसच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. माहिती आपोआप आलेली होती. राहाता तालुक्यातल्या शाळा निवडल्या. शेवटी मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकला की अर्ज गेला. ओटीपी आला. खिडकीतून ताई दिसत होती, स्वयंपाकवाल्या मावशींना हाताखाली मदत करत, पोरांना ताटं वाढत. तिची धाकटी मला पाहून हात हलवत होती. मी आकडे वाचले, बोट कळफलकावर ठेवलं आणि बसून राहिले. ओटीपीची मुदत संपल्याची सूचना आली. दुसरा ओटीपी मागवला. तोही तसाच गेला. मग शाळेची घंटा झाली आणि मी लॅपटॉप मिटला.

नवऱ्याला मी सांगितलं की यंदा जमलं नाही. “का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, गाव सोडत नाही. त्याने चपला घातल्या आणि अण्णांकडे निघाला. तो रोज सकाळ-संध्याकाळ अण्णांकडे जात होता, त्यांची नखं काढत होता, त्यांच्या शिव्या खात होता. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. शाळेत राग पोरांवर निघायचा, मग मी पोरांची माफी मागायचे. गाव माझ्यावर प्रेम करत होतं आणि त्या प्रेमाचा मला वैताग येत होता. कोणी ताक आणून दिलं, हुरडा दिला, पहिल्या शेंगा दिल्या, की मला वाटायचं, हे सगळं मला इथे खिळवून ठेवायला चाललंय. राहात्याला गेलं की अण्णा दर खेपेला थोडे कमी व्हायचे. दिवाळीनंतर त्यांनी नवऱ्याला ओळखणं सोडलं. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना ते आई म्हणायला लागले. मला मात्र ओळखत होते. शनिवारी चारला दार वाजलं की आतून आवाज यायचा, “आली बघ.” तेवढ्यावर मी आठवडा काढायचे. केंद्र वार्ता मी अजूनही लिहीत होते, पण ते शेवटचं वाक्य कोणालाच लावत नव्हते. साहेबांनी एकदा विचारलं, शेवट कुठे गेला? मी म्हटलं, जागा पुरत नाही.

बदल्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मी अर्ज भरला. मोठा निर्धार वगैरे काही नव्हता. फोनवर अण्णा मला “कोण बोलतंय?” असं विचारायला लागले होते, एवढंच. यादीत नाव आलं. राहात्यापासून अर्ध्या तासावरची शाळा मिळाली. आता गावाला तोंड कसं दाखवायचं, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी ताईच्या गोठ्यावर गेले. ती गाईंना वैरण टाकत होती. मी उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं: बदली झाली, वडील आजारी आहेत, तो शब्द मी दिलाच नव्हता, बातमी आधीच लिहिली होती, चूक माझी आहे.

ताईने हातातली पेंढी खाली ठेवली.

“वडलांना कवापासून हाय हे?”

“दोन वर्षं होतील.”

“आन् तुमी आमच्यापाई थांबल्या?” तिचा आवाज चढला. “बाई, तुमी येड्या का काय? घरी म्हातारं मानूस असं असताना कोन आडवील तुमाला? आमी काय कसाई हाय का? पेपरात आलं म्हनून आमी धरून बसलो. तुमी एका शब्दानं सांगायचं हुतं, मी सोता तुमाला गाडीत बसवून दिलं असतं.”

मला शरम वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. तिचा नाही. वाया गेलेल्या त्या वर्षाचा. मी ज्याला कुंपण समजत होते तिथे काहीच नव्हतं. मी नुसती उभी राहिले होते. ताईच मग म्हणाली, “बसा, च्या घेऊन जावा,” आणि मी गोठ्याच्या कडेला बसून चहा प्यायले. वैरणीच्या गंजीवर माझा फ्लेक्स पांघरलेला होता. वारा-पावसाने तो कधीच फाटकावरून सुटला होता, मीच बघायचं सोडलं होतं.

निरोप समारंभ तासाभरात उरकला. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, पोरांचं एक गाणं. माझ्या जागी येणाऱ्या बाईंचं स्वागतही त्याच हारांत झालं, म्हणजे हार वाया गेले नाहीत. त्याची बातमी कोणी लिहिली ते मी वाचलं नाही.

मी राहात्याला आले तो बुधवार होता. सामान नवऱ्याने ठरवलेल्या टेम्पोतून घरी गेलं आणि मी थेट अण्णांकडे. दार उघडंच होतं. अण्णा खुर्चीत बसले होते, स्वच्छ, दाढी केलेली. मी समोर जाऊन म्हटलं, “अण्णा, आले मी. कायमची आले.”

ते अदबीने उठून उभे राहिले, एखादी परकी बाई घरात आल्यावर उठावं तसे. “बसा ना बाई,” म्हणाले. “कोणाकडे काम होतं?”

“अण्णा, मी.”

“माझी मुलगी ना? ती बाहेरगावी शिक्षिका आहे. शनिवारी येते.” त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. “आज बुधवार. तुम्ही शनिवारी या, भेट होईल.”

मी त्यांना हात लावला, आईचं नाव सांगितलं, लहानपणीच्या खोड्या सांगितल्या. ते सगळं कौतुकाने ऐकत होते. “अगदी बरोबर,” म्हणाले, “तुम्ही तिला चांगलंच ओळखता म्हणायचं.”

आता मी रोज त्यांच्याजवळ असते. नव्या शाळेतून सुटले की तिथेच. जेवू घालते, गोळ्या देते, रात्री शेजारच्या खोलीत झोपते. ते मला बाई म्हणतात आणि प्रत्येक गोष्टीला आभार मानतात. शनिवारी चारच्या सुमाराला मी मागच्या दाराने बाहेर पडते, गल्लीला वळसा घालून पुढे येते आणि कडी वाजवते. आतून आवाज येतो, “आली बघ.” मग मी त्यांची मुलगी असते. ते माझ्याशी बोलतात, माझ्या हाताचा चहा मागतात, माझ्या शाळेतली पोरं कशी आहेत ते विचारतात. रविवारी दुपारपासून त्यांचं लक्ष घड्याळाकडे लागतं. चार वाजत आले की म्हणतात, “ऊठ, गाडी चुकेल.” मी म्हणते, अण्णा, आज राहते. ते ऐकत नाहीत, कासावीस होतात, चपला आणून माझ्यापुढे ठेवतात. मग मला निघावंच लागतं.